शार म्हणजे चिखल: बालाटोनच्या काठचे पाच दिवस

१२ मार्च, बुडापेस्ट

विमानतळावर मुक्तानं आधी माझ्या बुटांकडे बघितलं आणि मग मला नमस्कार केला. "बाबा, हे घालून तुम्ही शेतात फिरणार?" बूट नवे होते, निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी दिलेले. चौतीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढलेल्या माणसाला लोक बूटच देतात.

मुक्ता इथं पीएचडी करते. तिच्या मैत्रिणींचे आईवडील येतात तेव्हा गरम पाण्याचे हौद, पार्लमेंटची इमारत, दुनावरची (डॅन्यूब नदीला इथं दुना म्हणतात) बोटीची फेरी असं सगळं होतं. मला मात्र दोन तळ्यांमधली जमीन बघायची होती. पूर्वेला वेलेन्त्से, पश्चिमेला बालाटोन आणि मधे पंचवीस-तीस किलोमीटरची सपाटी. ६ मार्च १९४५ च्या पहाटे जर्मनीनं आपल्या उरल्यासुरल्या चिलखती फौजेचा सगळ्यात मोठा गठ्ठा इथून दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे सोडला. मोहिमेला नाव दिलं होतं 'वसंताची जाग'. दहा दिवसांत ती संपली आणि त्यानंतर जर्मनीला मोठी चढाई म्हणून करता आली नाही.

मला याचं वेड का, तर मी नगरचा. आमच्याकडे केके रेंजवर रणगाड्यांचा गोळीबार सुरू झाला की स्वयंपाकघरातली भांडी थरथरायची आणि आजी म्हणायची, "चालू झालं ह्यांचं." रणगाडा संग्रहालय पुढे झालं, पण त्याआधीही लष्करी हद्दीतले रणगाडे बघतच आम्ही मोठे झालो. रणगाड्याचं कौतुक सगळ्या पोरांना असतं. पुढे मी कालव्यावर नोकरीला लागलो आणि माझं कौतुक रणगाड्यावरून त्याच्या खालच्या मातीवर घसरलं.

संध्याकाळी नदीकाठी गेलो. पार्लमेंटजवळ काठावर लोखंडी बूट ओळीनं ठेवलेत, साठ जोड. 'अ‍ॅरो क्रॉस' या हंगेरियन नाझींनी ज्यूंना काठावर उभं करून, बूट काढायला लावून गोळ्या घातल्या, त्याचं स्मारक. एका लहान बुटात कुणीतरी चॉकलेट ठेवलं होतं. मुक्ता म्हणाली, "तुमच्या रणगाड्यांच्या आधी हे बघून घ्या म्हणून आणलं." बरं केलंस म्हटलं.

१३ मार्च, वेलेन्त्से आणि पाकोज्द

मुक्ताच्या प्रयोगशाळेतल्या एका सहकाऱ्यानं त्याची जुनी सुझुकी दिली. या गाड्या इथल्याच, एस्तेरगोमच्या कारखान्यात बनतात. आपल्या मारुतीची चुलत बहीण म्हटल्यावर मला घरच्यासारखं वाटलं. गाडी मुक्ता चालवणार, नकाशा माझ्याकडे.

एस्तेरगोमचं नाव निघालं म्हणून सांगतो. त्याच्या समोरच्या तीरावर, गाराम नदीच्या मुखाशी, सोव्हिएत सैन्यानं एक ठाणं धरून ठेवलं होतं. ते जर्मनांनी फेब्रुवारी १९४५ मध्ये हल्ला करून मोडलं. लढाई जिंकली, पण गुपित गेलं. बेल्जियमच्या आर्देनमध्ये लढलेल्या एसएसच्या (नाझी पक्षाच्या स्वतःच्या सशस्त्र दलाच्या) चिलखती तुकड्या हंगेरीत आल्यात हे शत्रूला तिथं कळलं. आणि गुपित राखण्यासाठी केलं काय काय होतं! सैनिकांच्या बाहीवरच्या तुकडीच्या नावाच्या पट्ट्या काढायला लावल्या. गाड्यांवरच्या खुणा झाकल्या. हल्ल्याची मुख्य फौज असलेल्या सहाव्या पॅन्झर (म्हणजे चिलखती) आर्मीला कागदोपत्री अभियंता विभागाचं नाव दिलं. सगळ्यात मोठी चूक म्हणजे, ज्या जमिनीवरून हल्ला करायचा ती आधी जाऊन पाहायलाही मनाई केली, कुणाला संशय नको म्हणून.

हे वाचलं तेव्हा मी हसलो होतो. आमच्या खात्यातही जागा न बघता अंदाजपत्रकं केलेली मी पाहिली आहेत.

वेलेन्त्से तळं छोटं आणि उथळ, कमरेइतक्या पाण्याचं. हंगेरियन भाषेत वेनिस शहरालाही वेलेन्त्सेच म्हणतात, त्यामुळे पाट्या वाचताना जरा मजा वाटते. गेल्या काही वर्षांत तळ्याचं पाणी बरंच घटलंय. गार्दोन्यला धक्क्याच्या खांबांवर जुन्या पातळीची काळी रेघ स्पष्ट दिसते आणि तिच्या खाली बरंच अंतर सोडून आजचं पाणी. मी सवयीनं ते अंतर हातानं मोजलं. मुक्तानं फोटो काढला आणि आईला पाठवला: 'बाबा कामावर रुजू झाले.'

उत्तर काठाला पाकोज्दचं लष्करी स्मारक. १८४८ साली हंगेरियनांनी ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग घराण्याच्या बाजूनं आलेल्या सैन्याला इथं अडवलं, म्हणून ही जागा त्यांना प्यारी. टेकडीवर एक छोटं प्रार्थनामंदिर आहे ते मात्र हरलेल्यांचं. १९४३ च्या जानेवारीत रशियातल्या डॉन नदीवर हंगेरीची दुसरी आर्मी, सुमारे २ लाख माणसांची, कडाक्याच्या थंडीत मोडली. ज्यांच्या कबरीही घरच्यांना कधी दिसल्या नाहीत अशांसाठी हे. आत एक म्हातारी मेणबत्ती लावत होती. १९४५ च्या मार्चमध्ये जर्मनांच्या बाजूनं जे हंगेरियन लढले ते अशा देशाचे होते, ज्याचं सैन्य दोन वर्षांपूर्वीच संपलं होतं.

टेकडीवरून दक्षिण दिसते. खरं म्हणजे काहीच दिसत नाही. सपाट, तपकिरी, नांगरलेलं, मधूनमधून लव्हाळ्याची पिवळी पट्टी. रणांगण म्हटल्यावर डोळ्यांसमोर येतं तसलं काही नाही. मुक्ता म्हणाली, "एवढ्यासाठी?" मी म्हटलं, उद्या खाली उतरू, मग बोल.

रात्री मुक्काम सेकेशफेहेरवारला. जेवायला हलासले, म्हणजे पापरिका घातलेला माशांचा लालभडक रस्सा. दिसायला कोल्हापुरी, खायला सौम्य. मी बरोबर आणलेली लसणाची चटणी काढली तेव्हा मुक्तानं आजूबाजूला बघून मान खाली घातली.

१४ मार्च, शारवीझचं खोरं आणि शिमोंतोर्न्या

आजचा दिवस मी कधी विसरणार नाही, आणि सुझुकीवालाही.

सकाळी नाश्त्याला नकाशा पसरून दक्षिणेकडची गावं वाचत होतो. शारकेरेस्तूर, शारोश्द, शारबोगार्द, शारेग्रेश. मधून वाहणारं पाणी शारवीझ. मी विचारलं, हे सारखं शार-शार काय आहे गं?

"शार म्हणजे चिखल, बाबा."

मी चहाचा कप खाली ठेवला. शारवीझ म्हणजे चिखलपाणी. शारोश्द म्हणजे आपलं चिखलीच की. एका अख्ख्या खोऱ्यातल्या लोकांनी शेकडो वर्षं आपल्या गावांच्या नावात एकच गोष्ट लिहून ठेवली होती. एवढंच काय, 'बालाटोन' हे नावसुद्धा स्लाव्ह भाषांतल्या 'ब्लातो'वरून आलंय, त्याचा अर्थ दलदल, चिखल. म्हणजे समोरच्या खंदकात बसलेल्या रशियन शिपायाला नकाशावरच्या सगळ्यात मोठ्या अक्षरांतला इशारा त्याच्याच भाषेत वाचता येत होता.

हे खोरं पूर्वी अख्खं पाणथळ होतं. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथं नादोर कालवा काढून पाणी दक्षिणेकडे वळवलं आणि दलदलीची शेती केली. काम नेटकं आहे. दोन्ही बाजूंना भरावे, सरळ रेषेतलं पात्र, ठरावीक अंतरावर शेतचाऱ्यांची तोंडं. मी गाडी तीनदा थांबवायला लावली. पण निचरा करून घेतलेली जमीन शेतीपुरती कोरडी होते. तिच्यावर सत्तर टन उभे करायचे म्हटलं की ती आपली जात दाखवते.

कालव्याच्या बाहेरची उंच जमीन वेगळी. या भागाला मेझोफल्द म्हणतात. हिमयुगात वाऱ्यानं आणून टाकलेली पिवळसर पिठूळ माती, लोएस, आणि तिच्यावर काळ्या सुपीक मातीचा थर. आपली काळी फुगते, चिकटते, बुटाला शेरभर लागते. ही तशी नाही. कोरडी असताना लोएसचा उभा कडा भिंतीसारखा टिकतो. पाणी लागलं की तिचे कण एकमेकांचा हात सोडतात आणि पिठल्यासारखं होतं. त्यात मार्चमध्ये वरचं बर्फ वितळलेलं आणि खालची जमीन अजून थंडीनं गोठलेली, त्यामुळे पाणी मुरायला वाट नाही. ते वरच्या दोन वितींतच राहतं.

आता १९४५ च्या त्या आठवड्यात या. ६ मार्चला वितळ सुरू झालेली, वर ओला बर्फ पडतोय. ट्रकच्या आवाजानं बिंग फुटेल म्हणून पायदळाला लांबवर उतरवून रात्रीतून चालवत आणलेलं, माणसं घोट्यापर्यंत भिजलेली. शारवीझच्या पूर्वेकडून जाणारी दुसरी एसएस चिलखती कोअर चिखलामुळे ठरलेल्या वेळी सुरुवातीच्या रेषेवर पोचलीच नाही. तिच्याविनाच हल्ला सुरू झाला. सेनापती सेप डीट्रिशनं युद्धानंतरच्या जबानीत सांगितलं, की १३२ गाड्या चिखलात रुतल्या आणि १५ किंग टायगर रणगाडे बुरुजापर्यंत खाली गेले. किंग टायगरचं वजन जवळजवळ ७० टन. सोव्हिएत टी-३४-८५ रणगाड्याचं ३२. हिशेब शाळकरी आहे: वजन भागिले पट्ट्याचं जमिनीला टेकणारं क्षेत्रफळ. जर्मनांनी पट्टे रुंद केले होते, पण वजन त्याहून पुढे पळालं होतं. वर असल्या धुडाला पेलणारे पूल खेड्यापाड्यात नसतात.

डीट्रिशचा आकडा सगळीकडे सांगितला जातो आणि ऐकायला तो खमंग आहे. पण तो हरलेल्या सेनापतीचा आकडा आहे हे विसरू नये. हरलेला माणूस पावसाचं नाव घेतोच. मला तिथं उभं राहून वाटलं ते असं: चिखलानं रणगाडे बुडवले त्यापेक्षा जास्त त्यांना रांगेत उभं केलं. शेतं बंद झाली की उरतात रस्ते. रस्ते इथं मोजके, गावातून जाणारे, भराव्यावरचे. समोरच्या सोव्हिएत फौजेच्या मार्शल तोल्बुखिनला रणगाडे कुठून येणार हे शोधावं लागलं नसेल. त्याच्या फौजेनं खोलवर एकामागे एक बचावाच्या रेषा आखल्या होत्या, सुरुंग पेरले होते, रणगाडाविरोधी तोफांची ठाणी नेमकी वाटांवर रोखली होती. दोन वर्षांपूर्वी रशियात कुर्स्कच्या रणगाड्यांच्या लढाईत शिकलेला धडा. चिखल दोन्ही बाजूंना सारखाच होता. फरक इतकाच, की एकाला त्यातून पुढे जायचं होतं आणि दुसऱ्याला बसून राहायचं होतं.

तोल्बुखिनची खरी काळजी पाठीमागची दुना. नदीत बर्फाच्या लाद्या वाहत, पुलांना धक्के देत. त्याच्या अभियंत्यांनी पुलांच्या जोडीला दोरीवरची वाहतूक उभी केली आणि नदीपलीकडून इंधनासाठी नळ टाकले. युद्धाच्या इतिहासात असल्या कामाला दोन ओळी मिळतात. आमच्या खात्यातल्या माणसानं त्या दोन ओळींवर थांबून पाणी प्यावं.

दुपारी शिमोंतोर्न्याला पोचलो. छोटं गाव, मधे शियो कालवा, काठाला जुना दगडी किल्ला. जर्मन हल्ल्याचं हे शेवटचं टोक. आठवडाभर झगडून एसएसच्या तुकड्या शियोपर्यंत आल्या, इथं आणि जवळच्या ओझोराला पलीकडच्या काठावर पाय टेकवले, आणि तिथंच गाडं अडलं. सगळी मिळून जास्तीत जास्त तीस किलोमीटरची मजल. आम्ही ते अंतर चहा आणि तीन थांब्यांसकट दीड तासात संपवलं होतं.

मला काठ जवळून बघायचा होता. गावाबाहेर कालव्याच्या कडेनं शेतातली एक पाऊलवाट दिसत होती, गाडीच्या चाकोऱ्या असलेली. मुक्ता म्हणाली, इथंच लावूया, चालत जाऊ. मी म्हटलं, अगं दोनशे मीटर तर आहे, चाकोरी पडलीये म्हणजे गाड्या जातात. हे वाक्य बोलणारा माणूस आयुष्यभर मातीचे नमुने तपासत होता.

ऐंशी मीटरवर सुझुकी बसली. आधी मागचा भाग हलकेच डावीकडे सरकला, एखादी म्हैस डबक्यात बसायला जागा करते तसा. मुक्तानं गिअर बदलला, चाक फिरलं, काचेवर मातीचा फवारा आला. मी उतरलो. उतरलो म्हणजे घोट्यापर्यंत गेलो. डावा पाय काढला तर बूट खालीच. वाकून हातानं बूट ओढला तेव्हा त्या मातीनं असा आवाज केला, की मुक्ता आत बसून हसायला लागली. रंग वरून काळा, दोन बोटं खाली गेलं की पिवळट करडा. मी चिमूटभर घेऊन अंगठ्यानं चोळली. वाळू जवळजवळ नाही. वळी होते, पण वाकवली की तुटते. म्हणजे गाळच जास्त, चिकणमाती कमी. "बाबा!" मुक्ता ओरडली, "चाचणी नंतर करा."

चाकाखाली फांद्या घातल्या, गाडीतली रबरी चटई घातली, ती चटई मागच्या बाजूनं उडून कालव्याच्या काठाला जाऊन पडली. पाऊण तासानं एक शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आला. साठीचा असेल, डोक्याला लोकरी टोपी. त्यानं गाडी बघितली, मला बघितलं, माझ्या बुटांना बघितलं आणि एकच शब्द बोलला. "शार."

एवढं हंगेरियन मला सकाळपासून येत होतं.

साखळी लावून त्यानं दोन मिनिटांत बाहेर काढलं. पैसे घेईना. मुक्तानं मागच्या सीटवरचा शंकरपाळ्यांचा डबा पुढे केला. त्यानं एक खाल्लं, मान हलवली, मग मूठभर खिशात टाकली. आम्ही इथं कशाला आलो हे मुक्तानं त्याला सांगितलं असावं, कारण तो शेताकडे हात करून बरंच बोलला. तिनं भाषांतर केलं ते इतकंच: नांगरताना अजून लोखंड लागतं, आणि लागलं की हात लावायचा नाही, पोलिसांना कळवायचं, ते माणसं पाठवतात.

परतताना गाडीत मी तिला मुळा कालव्यावरची गोष्ट सांगितली. नोकरीची पहिली चार-पाच वर्षं. जूनच्या पहिल्या पावसात खात्याचा डोझर काळ्या रानात रुतला. ओढायला दुसरा डोझर गेला, तोही रुतला. साहेब छत्री धरून बांधावर उभे आणि ज्याच्या शेतात हे झालं तो शेतकरी म्हणतोय, "साहेब, मी कालच म्हणलं होतं." ऑपरेटर रोज सकाळी येऊन बघायचा आणि तंबाखू मळून परत जायचा.

मग विषय निघाला असल उत्तरचा. सप्टेंबर १९६५, पंजाबातलं खेमकरण. पाकिस्तानचे पॅटन रणगाडे चढाई करत आले तेव्हा आपल्या लोकांनी पाणी सोडून उसाची शेतं भिजवून ठेवली होती. पॅटन शेतात शिरले आणि रुतले, आणि उसात दबा धरलेल्यांनी ते टिपले. त्यात डेक्कन हॉर्स या रेजिमेंटचे जुने शर्मन रणगाडे होते आणि त्यांचे कमांडर होते अलिबागचे अरुणकुमार वैद्य, पुढे लष्करप्रमुख झाले ते. त्यांना त्या लढाईसाठी महावीरचक्र मिळालं. लहानपणी नगरला पकडून आणलेला पॅटन बघताना आमचे मास्तर पट्ट्याकडे बोट दाखवून म्हणाले होते, "ह्यात पंजाबची माती अडकली होती." खरंखोटं त्यांनाच ठाऊक. मी मात्र बरीच वर्षं त्या पट्ट्यात माती शोधत राहिलो.

१५ मार्च, सेकेशफेहेरवार

आज हंगेरीचा राष्ट्रीय सण, १८४८ च्या क्रांतीचा दिवस. सगळ्यांच्या छातीवर लाल-पांढऱ्या-हिरव्या रिबिनीचं फूल. बाबागाडीतल्या बाळालाही लावलेलं. मोठी दुकानं बंद, गाडी धुण्याची जागाही बंद. त्यामुळे चिखलानं लिंपलेली सुझुकी आम्ही सणाच्या मिरवणुकीशेजारून नेली. एका पोलिसानं ती नंबरप्लेटपासून छतापर्यंत शांतपणे न्याहाळली आणि प्लेट पुसायला सांगितली. रुमालानं पुसली.

हे शहर त्यांचं रायगड म्हणा. मध्ययुगात तीसहून अधिक हंगेरियन राजांना इथल्या बॅसिलिकात मुकुट घातला गेला. आता तिचा नुसता पाया उरलाय, उघड्या बागेत दगड मांडून ठेवलेत. १९४४-४५ च्या हिवाळ्यात या शहराचे मालक तीनदा बदलले. डिसेंबरच्या शेवटी सोव्हिएत सैन्यानं घेतलं, २२ जानेवारीला जर्मनांनी परत घेतलं, आणि मार्चच्या २२-२३ ला ते पुन्हा गेलं. मधल्या काळात तळघरात राहिलेल्यांना वर कुठला गणवेश दिसणार हे पायऱ्या चढल्याशिवाय कळत नसणार. इथल्या ज्यूंना मात्र हे काहीच बघावं लागलं नाही. त्यांना १९४४ च्या जूनमध्येच आउशवित्झला पाठवलं होतं.

दुपारी शहराबाहेरच्या जर्मन सैनिकांच्या दफनभूमीत गेलो. गवत कापलेलं, दगडी क्रूस, नावांच्या फरशा. माणूस नाही. मी जन्मसालं वाचत गेलो. १९२५, १९२६, १९२७. माझ्या वडिलांचं १९२६. मुक्ता दोन फरशा पुढे होती, ती म्हणाली, "हे एसएसवाले ना? आर्देनमध्ये ज्यांनी कैद्यांना गोळ्या घातल्या ते?" मी म्हटलं, त्यातलेही असतील, कालपरवा भरती केलेली पोरंही असतील. मालमेदीजवळ ८४ अमेरिकन कैदी मारणारी तुकडी याच पहिल्या एसएस डिव्हिजनची होती आणि तीच शियोपर्यंत आली होती, हे खरं. मला तिथं हात जोडावेसे वाटले नाहीत आणि पाठ फिरवून निघावंसंही वाटलं नाही. थोडा वेळ नुसता उभा राहिलो.

इथं मला रणगाडाप्रेमींचा राग येतो. किंग टायगरच्या चिलखताची जाडी मिलिमीटरमध्ये पाठ असणारे लोक मी पाहिलेत. मीही त्यातलाच होतो. मिलिमीटर सांगताना गाडी कुणाची, कशासाठी निघाली होती, हे कुणी विचारत नाही.

कशासाठी, तर तेलासाठी. बालाटोनच्या नैर्ऋत्येला नॉद्यकॉनिझाजवळच्या विहिरी. रुमानियातलं प्लोएश्तीचं तेल १९४४ च्या ऑगस्टमध्ये गेलं होतं, कोळशापासून पेट्रोल करणारे कारखाने बॉम्बहल्ल्यांनी मोडले होते. हिटलरनं हट्ट धरला, की हंगेरी वाचवायची. जर्मन लष्कराच्या जनरल स्टाफचा प्रमुख गुदेरियन म्हणत होता ही फौज ओडर नदीवर द्या, रशियन बर्लिनपासून साठ-सत्तर किलोमीटरवर आलेत. त्याचं ऐकलं नाही. आणि मग विहिरी राखायला निघालेल्या त्या गाड्यांनीच उरलंसुरलं पेट्रोल चिखलात चाकं फिरवून जाळलं. काल सुझुकीचा काटा अर्ध्यावर आलेला पाहिल्यावर मला हे नव्यानं पटलं.

१५ मार्च १९४५ ला ही चढाई आटोपली. तोल्बुखिननं दहा दिवस ताज्या नवव्या गार्ड्स आर्मीची मागणी केली होती, मॉस्कोनं ती दिली नाही. ती राखून ठेवली होती दुसऱ्या कामासाठी.

१६ मार्च, शियोफोक

सकाळी उठलो तर खिडकीबाहेर पांढरं. समोरचं झाडही दिसेना. मी मुक्ताला उठवून दाखवलं. १९४५ मध्येही याच तारखेला असंच धुकं होतं. सोव्हिएत प्रतिहल्ला सकाळीच व्हायचा, तो धुक्यामुळे दुपारपर्यंत थांबला. दुपारी जो सुरू झाला तो महिन्याच्या आत, १३ एप्रिलला, व्हिएन्नात थांबला. चढाईसाठी दक्षिणेकडे लांब गेलेल्या जर्मन तुकड्यांना पाठीमागून कोंडी होते की काय अशी धास्ती पडली आणि त्या आल्या वाटेनं परत पळाल्या. रुतलेल्या गाड्या स्वतःच उडवून देत. त्यानंतर हिटलरनं चिडून हुकूम काढला, की एसएसच्या या डिव्हिजनांनी बाहीवरच्या मानाच्या पट्ट्या काढून टाकाव्यात. गंमत अशी, की गुपित राखायच्या नावाखाली त्या आधीच काढलेल्या होत्या.

"सहीसाठी पाठवलेली फाइल सहीसकट परत आल्यासारखं," मी म्हटलं. मुक्ताला कळलं नाही. सरकारी नोकरी केल्याशिवाय कळणार नाही.

धुकं उतरल्यावर शियोफोकला गेलो. इथून शियो कालवा बालाटोनमधून निघतो, सुमारे १२० किलोमीटर वाहत जाऊन दुनाला मिळतो. तळं ७७ किलोमीटर लांब आणि सरासरी खोली फक्त तीन मीटरच्या आसपास. १८६१ साली दक्षिण काठावरून रेल्वे नेली आणि लाटा रुळांवर यायला लागल्या. मग १८६३ मध्ये इथं दरवाजे बांधून तळ्याची पातळी उतरवली. रेल्वेनं तळं खाली करून घेतलं! आमच्याकडे रेल्वेवाले मोरीला एक नळ वाढवून द्यायला दोन वर्षं लावायचे. आताचे दरवाजे पुष्कळ नंतरचे. मी कठड्याला टेकून पातळी मोजायच्या पट्टीकडे बघत राहिलो. दोन मासेवाले गळ टाकून बसले होते. परवा जिथं गाडी रुतली तिथून वाहणारं पाणी इथूनच सुटतं.

तिथून बोटीनं तळं ओलांडून बालाटोनफ्युरेदला गेलो. तिथं रवींद्रनाथ ठाकूर १९२६ मध्ये हृदयाच्या उपचाराला राहिले होते. त्यांनी लावलेल्या झाडाजवळ त्यांचा पुतळा आहे आणि काठच्या रस्त्याला त्यांचं नाव. नंतर आलेल्या आपल्या बड्या मंडळींनीही आसपास झाडं लावलीत. मुक्तानं बाकावर बसून उरलेले शंकरपाळे काढले. मी काडीनं बुटाच्या खाचांतली माती काढत बसलो. वाळून ती फिकट पिवळी झाली होती, बोटात धरली की भुकटी. दोन दिवसांपूर्वी हिनंच बूट धरून ठेवला होता, खरं वाटेना.

"बाबा, मग ते डोझर निघाले का शेवटी?"

"निघाले की."

"कसे?"

"मार्गशीर्षात रान वाळलं. ऑपरेटरनं एका सकाळी बॅटरी जोडली, चालू केला आणि चालवत घेऊन आला. मग त्यानंच दुसरा ओढला."

"आणि तोपर्यंत सहा महिने?"

"शेतकऱ्यानं भोवतीनं ज्वारी पेरली होती."